६३० मीटरवर विस्पर आणि एफएसटी४डब्ल्यू : ऐकण्यापासून पाठवण्यापर्यंतच्या नोंदी

४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, म्हणजे ६३० मीटर लाटेचा पट्टा, २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी रेडिओ सेवेला (हॅम रेडिओला) मिळाला. विस्पर आणि एफएसटी४डब्ल्यू हे अतिशय क्षीण सिग्नल संगणकाने वाचण्यासाठीचे डिजिटल मोड, म्हणजे संदेश पाठवण्याच्या पद्धती. कमाल मर्यादा साधारण १ वॅट ईआयआरपी (अँटेनाचा परिणाम धरून मोजलेली प्रसारणाची ताकद), काही ठिकाणी ५ वॅट. सगळ्या देशांनी तो सारखाच खुला केलेला नाही, त्यामुळे पाठवायचं असेल तर आधी आपल्या परवान्यात हा पट्टा आहे का ते वाचा. ऐकायला अडचण नाही.

या नोंदी मी काम चालू असतानाच लिहिल्या आहेत. नंतर फक्त भाषा सारखी केली, चुका तशाच ठेवल्या आहेत. हेच काम काढणाऱ्याला माझ्या वाया गेलेल्या रात्रींचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

४ ऑक्टोबर

ऐकण्याची जुळणी आज पूर्ण झाली. यूएसबी डोंगल रिसीव्हर, त्याच्यापुढे १२५ मेगाहर्ट्झचा अपकन्व्हर्टर आणि छतावरून सोडलेली २५ मीटर तार. डोंगलचा ट्यूनर इतक्या खाली उतरत नाही, म्हणून अपकन्व्हर्टर ४७५ किलोहर्ट्झला उचलून १२५.४७५ मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवतो. संगणकावर डब्ल्यूएसजेटी-एक्स (हे मोड वाचणारं सॉफ्टवेअर), डायल ४७४.२ किलोहर्ट्झ, अप्पर साइडबँड. डब्ल्यूएसपीआरची, म्हणजे आम्ही ज्याला 'विस्पर' म्हणतो त्याची, २०० हर्ट्झची पट्टी ऑडिओत १४०० ते १६०० दरम्यान येते.

रात्री नऊ ते पहाटे पाच, एकही डीकोड नाही, म्हणजे एकही संदेश वाचला गेला नाही. वॉटरफॉलवर (फ्रीक्वेन्सी आडवी आणि वेळ उभी दाखवणाऱ्या चित्रावर) उभ्या रेघांचं कुंपण. दर काही किलोहर्ट्झवर एक जाड, कडा विस्कटलेली रेघ, हळूहळू एकीकडे सरकणारी. ५१८ किलोहर्ट्झवरचा नॅव्हटेक्स (जहाजांसाठीची सूचना सेवा) मात्र मधूनमधून कुरकुरला. म्हणजे रिसीव्हर बहिरा नाही, खोली गोंगाटाने भरली आहे.

९ ऑक्टोबर

गेल्या चार रात्री मी एकच चूक केली. डीकोड होत नाही म्हणून तार लांबवत गेलो. तारेबरोबर गोंगाटही तेवढाच वाढला.

आज लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. नॉइजची पातळी एका झटक्यात २२ डीबी (डेसिबल) खाली. मग एकेक सर्किट चालू करत गेलो. प्रत्येक खोलीत काय भर पडते ते वहीत लिहिलं. नेमकी वस्तू शोधायला जुना खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ कामी आला: सुई अगदी डावीकडे, ५३० च्या आसपास, जिथे स्टेशन नाही तिथे. आतल्या फेराइट दांड्याचं टोक गोंगाटाच्या उगमाकडे वळलं की आवाज पडतो. दोन जागांवरून अशी दिशा घेतली की वस्तू सापडते.

तीन दोषी सापडले. राउटरचा अडॅप्टर (एकट्याने ९ डीबी), जिन्यातली एलईडी ट्यूब, आणि कुणीच वापरत नसलेला, पण सॉकेटमध्ये कायम अडकवलेला फोनचा चार्जर. राउटरला १२ व्होल्टची साधी ट्रान्सफॉर्मरवाली सप्लाय दिली. ट्यूब बदलली. चार्जर काढून टाकला. एकूण फायदा १४ डीबी. उरलेले ८ डीबी मेन बंद केल्याशिवाय जात नाहीत.

१५ ऑक्टोबर

त्या ८ डीबीने पाच दिवस खाल्ले. लांब तार काढून टाकली आणि ४ मीटर उंच पीव्हीसी पाइपवर छोटा ॲक्टिव्ह प्रोब बसवला: तळहाताएवढा तांब्याचा पत्रा आणि त्यामागे एक फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर. वाटलं होतं, घरापासून लांब गेला की गोंगाट संपेल. फरक जेमतेम २ डीबी.

मग ही चाचणी केली. प्रत्येकाने ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, मी अकराव्या दिवशी केली. प्रोबचा पत्रा सुटा केला, बफरची इनपुट उघडी ठेवली. खरं तर आता काहीच ऐकू यायला नको. गोंगाट मात्र जवळजवळ तसाच. म्हणजे अँटेनाचं काम कोॲक्स केबलची बाहेरची जाळी करत होती. असा प्रोब एकट्या पत्र्यावर चालत नाही, त्याला दुसरं टोक लागतं. ते टोक म्हणजे केबलची जाळी, आणि जाळी घरातल्या अर्थिंगपर्यंत, म्हणजे सगळ्या सप्लायच्या घाणीपर्यंत गेलेली.

उपाय करतानाही चुकलो. हाताशी असलेल्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे ८ वेढे घेऊन चोक (जाळीवरून येणारा गोंगाट अडवणारी गुंडाळी) केला. ती रिंग १४ मेगाहर्ट्झसाठी उत्तम होती, ४७५ किलोहर्ट्झवर तिचा अडथळा इतका तुटपुंजा की असून नसल्यासारखा. इथे जास्त पर्मिएबिलिटीचा कोअर आणि भरपूर वेढे दोन्ही लागतात. शेवटी जे चाललं ते असं:

खांबाच्या पायथ्याशी दीड मीटरची अर्थ रॉड, जाळी तिथेच जोडली. तिथून पुढे १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जास्त पर्मिएबिलिटीच्या रिंगवर १५ आणि १५ वेढे, रिंगच्या दोन विरुद्ध बाजूंना, एकमेकांवर न चढवता. एकमेकांवर गुंडाळले तर दोन गुंडाळ्यांमधल्या कपॅसिटन्समधून गोंगाट पुन्हा पलीकडे जातो. प्रोबची १२ व्होल्ट सप्लाय कोॲक्समधून देणं बंद केलं आणि खांबापाशीच छोटी बॅटरी ठेवली. घराच्या टोकाला त्याच प्रकारच्या रिंगवर पातळ कोॲक्सचे २० वेढे.

आता मेन चालू असो वा बंद, फरक १ डीबी.

१९ ऑक्टोबर

पहिला डीकोड! रात्री ११:४२, उणे २४ डीबी, सुमारे ४०० किलोमीटर. पाठोपाठ त्याच स्टेशनचे आणखी तीन.

मात्र ड्रिफ्टच्या (फ्रीक्वेन्सी सरकण्याच्या) रकान्यात ३, नंतर ४, मग उणे ३. तेव्हा वाटलं, पलीकडच्या स्टेशनचा ऑसिलेटर डगमगत असेल. त्या स्टेशनवर मी नकळत अन्याय केला. पुढे आठ दिवस चुकीच्या वाटेने गेलो ते या एका समजुतीमुळे.

२७ ऑक्टोबर

विस्पर जेमतेम येतंय, तर जास्त संवेदनशील मोड घ्यावा, असा हिशेब केला. एफएसटी४डब्ल्यूची चार रूपं आहेत, संदेशाच्या लांबीप्रमाणे: १२०, ३००, ९०० आणि १८०० सेकंद. २५०० हर्ट्झ रुंदीतल्या गोंगाटाच्या तुलनेत १२० चा उंबरठा (सर्वांत क्षीण वाचता येणारा सिग्नल) उणे ३२.८ डीबी, विस्परपेक्षा १.४ डीबीने चांगला. ३०० चा उणे ३६.८, ९०० चा उणे ४१.७ आणि १८०० चा उणे ४४.८. आकडे वाचून थेट १८०० लावला. काही नाही. ९०० लावला, काही नाही. सहा रात्री गेल्या. आणि ज्या स्टेशनांना मी ऐकत होतो ती त्याच वेळी इतरांना व्यवस्थित डीकोड होत होती.

१८० किलोमीटरवरच्या माझ्या मित्राला फोन केला. तो या पट्ट्यावर माझ्या आधीपासून आहे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, तुझा रिसीव्हर जागेवर उभा राहतो का, ते पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. मनात पक्कं बसलं होतं की फ्रीक्वेन्सी इतकी खाली आहे, तिथे ड्रिफ्ट तो काय असणार? ४७५ किलोहर्ट्झचा दहा लाखांत एक भाग म्हणजे अर्धा हर्ट्झसुद्धा नाही.

आज एका मीडियम वेव्ह स्टेशनचा कॅरिअर (कार्यक्रम वाहून नेणारी मूळ लाट) धरला. प्रसारण केंद्रांचे कॅरिअर चांगले स्थिर असतात. अतिशय संथ वॉटरफॉल लावून वीस मिनिटं नुसता बघत बसलो. रेघ सरळ उतरायला हवी होती, ती नागमोडी होती. वीस मिनिटांत ९ हर्ट्झ सरकली. पंखा लावला की डावीकडे, बंद केला की पाच-सात मिनिटांत उजवीकडे.

कारण कागदावर लिहिल्यावर लगेच दिसलं. माझा रिसीव्हर ४७५ किलोहर्ट्झवर नाहीच, तो १२५.४७५ मेगाहर्ट्झवर आहे. अपकन्व्हर्टरचा क्रिस्टल दहा लाखांत ०.१ भाग हलला तरी १२.५ हर्ट्झचा फरक पडतो. डोंगलचा क्रिस्टल स्वतःच्या मर्जीने हलतो तो वेगळाच. विस्परची चार स्वरांची पूर्ण रुंदी ६ हर्ट्झ. १८०० मध्ये दोन स्वरांमधलं अंतर ०.०८९ हर्ट्झ आणि एकेक चिन्ह (एका वेळी पाठवलेला एक स्वर) ११.२ सेकंदांचं. अर्ध्या तासात माझा रिसीव्हर त्या सिग्नलच्या पूर्ण रुंदीच्या कितीतरी पट भटकत होता. मोड जितका लांब घेत गेलो तितकी डीकोड होण्याची शक्यता मी स्वतःच कमी करत गेलो.

१ नोव्हेंबर

आधी स्वस्तातला उपाय: अपकन्व्हर्टर आणि डोंगल दोन्ही थर्माकोलच्या डब्यात. अर्ध्या तासात २ हर्ट्झपर्यंत आलं. विस्परला चालेल, बाकी कशाला नाही.

मग अपकन्व्हर्टर काढूनच टाकला आणि डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर, म्हणजे ट्यूनर वगळून, घेतला. आता अँटेनाचा सिग्नल सरळ २८.८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने मोजला जातो, आणि घड्याळाची चूक फक्त ४७५ किलोहर्ट्झच्या प्रमाणात लागते. तोच ०.१ भाग आता ०.०५ हर्ट्झ होतो. कॅरिअरची रेघ दोरी लावल्यासारखी सरळ उतरली.

नवी अडचण लगेच समोर आली. डोंगल ८ बिटांचा, आणि शेजारीच मीडियम वेव्हचे बलदंड सिग्नल. तो ओव्हरलोड होऊन सगळीकडे भुतं दाखवू लागला. साधा लो-पास फिल्टर पुरत नाही, कारण मीडियम वेव्ह ५३१ पासून सुरू होतो, अंतर फारच थोडं. ४७५ वर ट्यून केलेली दोन सर्किटं सैल कपलिंगने जोडली, मध्ये पत्र्याचा पडदा. फिल्टर ५ डीबी खातो, पण इथे बाहेरचा गोंगाट रिसीव्हरच्या गोंगाटापेक्षा पुष्कळ वर असतो, त्यामुळे त्या ५ डीबीने काही बिघडत नाही. दोन संध्याकाळी गेल्या, त्यातली एक कॉइल उलट्या दिशेने गुंडाळल्याचा संशय घेण्यात. गुंडाळी बरोबर होती, ट्रिमर कपॅसिटर फुटलेला होता.

५ नोव्हेंबर

एफएसटी४डब्ल्यू-३०० चे एका रात्रीत १९ डीकोड, त्यांतले तीन उणे ३५ च्या खालचे. विस्परच्या ड्रिफ्ट रकान्यात आता सगळीकडे ०. ज्या स्टेशनाला मी डगमगणारं म्हणत होतो, त्याच्यासमोरही ०.

सेटिंगबद्दल थोडं. रिसीव्हरचा एजीसी (पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) पूर्ण बंद, कारण लांबवर वीज कडाडली की एजीसी दोन सेकंद सगळंच दाबून टाकतो आणि सिग्नलची चिन्हं त्यात जातात. नॉइज ब्लँकर (क्षणिक कडकड कापणारी सोय) १० टक्क्यांवर ठेवला तेव्हा विजांच्या रात्री डीकोड वाढले. शांत रात्री शून्यच बरा. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून दर पंधरा मिनिटांनी जुळवलं. एफ-टोल (डीकोडर किती रुंदीत शोधतो ते) मोठा ठेवला तर लांब मोडमध्ये डीकोडरला फार वेळ लागतो, १०० हर्ट्झ पुरेसा आहे.

१७ नोव्हेंबर

आता पाठवण्याची बाजू. ६३० मीटरच्या लाटेचा पाव भाग १५८ मीटर. माझा खांब १० मीटर. वर टी आकारात आडव्या तारा, दोन समांतर, प्रत्येकी २० मीटर. त्यामुळे अँटेनाची प्रभावी उंची साधारण ८ मीटर धरता येते. त्यावरून रेडिएशन रेझिस्टन्स (रोधाचा तो भाग, ज्यात गेलेली वीज लाट होऊन बाहेर पडते) येतो जेमतेम पाव ओहम. १ वॅट ईआयआरपीसाठी या पाव ओहममधून सुमारे १.१५ ॲम्पिअर वाहायला हवा. जमिनीचा, कॉइलचा आणि आसपासच्या झाडांचा मिळून जो लॉस रेझिस्टन्स असेल, तोही हाच करंट पिणार. सगळी वीज तिथेच जाते.

कपॅसिटन्स मोजला, २१५ पिकोफॅरड. रेझोनन्ससाठी, म्हणजे अँटेना ४७५ वर जुळण्यासाठी, ५२० मायक्रोहेन्री लागतात. २५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीवर साध्या वायरिंगच्या तारेचे ४६ वेढे, वायरची जाडी इन्सुलेशनसकट ३ मिलिमीटर, एकूण ३६ मीटर तार. बादलीच्या आत १५ सेंटिमीटरच्या पाइपचा तुकडा आडव्या दांडीवर फिरता ठेवला, त्यावर आणखी १० वेढे, मुख्य कॉइलशी सिरीजमध्ये. दांडी फिरवली की इंडक्टन्स दोन्ही बाजूंना चाळीसेक मायक्रोहेन्रीने सरकतो. हा व्हेरिओमीटर करायला एक अख्खा दिवस गेला. पुढे लक्षात आलं, सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला दिवस तोच.

बादली निमुळती असते, खाली अरुंद. माझे पहिले वेढे रात्रीतून घसरून एकावर एक चढले. दर दहा वेढ्यांना गरम ग्लूची पट्टी दिली. सरळ पाइप मिळाला तर बादली घेऊ नका.

२४ नोव्हेंबर

ॲम्प्लिफायर. विस्परचा ॲम्प्लिट्यूड कायम एकच असतो, फक्त फ्रीक्वेन्सी बदलते, म्हणून लिनिअर ॲम्प्लिफायरची गरज नाही. आयआरएफ५४० फेटची जोडी पुश-पुलमध्ये (आळीपाळीने), डी वर्गात (फेट एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद). एसआय५३५१ चिप दुप्पट फ्रीक्वेन्सी काढते, ९५१ किलोहर्ट्झ. ७४एचसी७४ फ्लिपफ्लॉप तिला दोनने भागून दोन्ही फेटसाठी अचूक निम्म्या-निम्म्या वेळाचे उलटसुलट सिग्नल देतो.

फेटच्या दोन जोड्या जाळल्या. दोन्ही वेळा कारण एकच: अँटेना ट्यून नसताना पूर्ण २४ व्होल्ट दिले आणि सप्लायला करंट लिमिट नव्हती. दुसऱ्या वेळी फट्‌ असा आवाज, फेटच्या अंगावर मोहरीएवढं भोक, आणि ड्रायव्हर चिपही सोबत गेली. आता नियम असा: ८ व्होल्ट, १ ॲम्पिअरची मर्यादा, ट्यूनिंग करून करंट मीटर बघायचा, मगच व्होल्टेज वर. लो-पास फिल्टरमध्ये काटकसर करू नका. दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट) ९५१ वर आणि तिसरा १४२७ वर येतो, दोन्ही मीडियम वेव्हच्या पोटात. आजूबाजूच्या लोकांच्या रेडिओत आपली शिट्टी वाजणं कुणालाच परवडणार नाही.

२ डिसेंबर

पहिलं प्रसारण. मित्राच्या वॉटरफॉलवर माझी रेघ ठळक, उणे १० डीबीच्या आसपास. डीकोड शून्य. रात्रभर दर दहा मिनिटांनी पाठवलं, एकही डीकोड नाही.

घड्याळ तपासलं, बरोबर. चिन्हांची १६२ अंकांची ओळ तपासली, बरोबर. मित्राने रेघेचा फोटो मोठा करून पाठवला, त्यात चार स्वर वेगळे दिसायला हवे होते, ते एकमेकांना चिकटलेले होते. तेव्हा उमगलं. विस्परच्या स्वरांमधलं अंतर १.४६४८ हर्ट्झ. मी चिपमध्ये तेच भरलं होतं. पण चिपनंतर फ्लिपफ्लॉप सगळं दोनने भागतो, अंतरसुद्धा! हवेत जात होते ०.७३ हर्ट्झ. चिपमध्ये २.९२९७ भरलं आणि पुढच्याच प्रसारणाला उणे ९ डीबीचा डीकोड आला. एका ओळीचा बदल, तीन रात्री.

११ डिसेंबर

काल रात्री दव पडलं. पहाटे मीटरवरचा करंट ०.७३ वरून ०.३ वर. बाहेर गेलो तर आडव्या तारेच्या टोकापाशी नायलॉनची दोरी काळी पडून धुमसत होती, हातात घेतल्यावर कोळशाची भुकटी झाली. कॉइलनंतर अँटेनावर दीड हजार व्होल्टच्या वर शिखर असतं, आणि मी तारेच्या टोकाला दोरी सरळ गाठ मारून बांधली होती. कोरडी दोरी इन्सुलेटर असते, ओली नसते.

आता प्रत्येक टोकाला काचेसारख्या गुळगुळीत पोर्सिलीनचे दोन इन्सुलेटर, एकापाठोपाठ एक. तारेचं टोक मागे वळवून गोल केलं, टोकदार ठेवलं नाही. कॉइलभोवती जाळीचं कुंपण आणि मोठी सूचना लावली. प्रसारण चालू असताना तिथे कुणीही जाता कामा नये, घरातल्या लहानांना मी स्वतः नेऊन दाखवलं आणि समजावलं.

दवामुळे कपॅसिटन्सही बदलतो. ५ पिकोफॅरड वाढले की रेझोनन्स साडेपाच किलोहर्ट्झ खाली सरकतो. व्हेरिओमीटरच्या दांडीला लांब प्लास्टिकची काठी जोडली, आता दोन मीटर लांबून फिरवता येतो.

२८ डिसेंबर

जमिनीवर सोळा दिवस. या पट्ट्यावर याच कामाचं फळ सर्वांत जास्त मिळालं, म्हणून आकडे सविस्तर.

सुरुवात: तीन अर्थ रॉड, रेडियल (पायथ्यापासून चहूकडे जमिनीत पसरलेल्या तारा) नाहीत. लॉस ९४ ओहम. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) आकडा सारखा उड्या मारत होता, कारण अँटेना मीडियम वेव्हची स्टेशनं पकडून मोजणीत घुसवत होती. शेवटी पॉवर आणि पायथ्याचा करंट मोजून हिशेब केला. करंटसाठी फेराइट रिंगवर ३० वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर.

आठ रेडियल, प्रत्येकी १२ मीटर, गवताखाली दोन बोटं: ७१ ओहम. आणखी चार रॉड ठोकले: ६९. चार रॉडसाठी घाम गाळून मिळाले दोन ओहम. रॉडऐवजी तेवढ्या तारेचे आणखी आठ रेडियल टाकले: ५६.

मग अपेक्षा नसलेली गोष्ट घडली. टी ची एक बाजू एका झाडाच्या फांदीपासून हातभर अंतरावरून जात होती. दोरी तीन मीटर बाजूला नेऊन बांधली, बाकी काहीच केलं नाही. ५६ चे ४४ झाले. पानांत ओल असते, आणि इतक्या व्होल्टेजच्या विद्युतक्षेत्रात ती ओल गरम होत राहते. शेवटी कॉइल जमिनीवरच्या लोखंडी स्टँडवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवली: ३८.

त्याच ५० वॅटवर आधी ०.७३ ॲम्पिअर वाहत होता, आता १.१५. ईआयआरपी ०.४ वॅटवरून १ वॅटवर. ॲम्प्लिफायरला हात न लावता ४ डीबी. हेच ९४ ओहमवर मिळवायचं तर १२० वॅटच्या वर लागले असते.

१९ जानेवारी

एफएसटी४डब्ल्यू-३०० पाठवायला घेतलं. १६० चिन्हं, प्रत्येक १.७९२ सेकंदांचं, या वेळी अंतर आठवणीने दुप्पट. मित्राकडे पहिल्याच प्रसारणाला डीकोड.

१८०० मात्र नाही. नोव्हेंबरची आठवण होती, म्हणून मोडला किंवा प्रसाराला दोष न देता आधी कॅरिअरची रेघ पाहायला सांगितली. एसआय५३५१ च्या बोर्डवरचा साधा क्रिस्टल ॲम्प्लिफायर तापला की त्याच्यासोबत तापत होता, अर्ध्या तासात ०.४ हर्ट्झ. विस्परला हे कळतही नाही. १८०० ची पूर्ण रुंदीच ०.३६ हर्ट्झ. क्रिस्टल काढून टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी स्थिर राहणारा ऑसिलेटर) लावला, बोर्ड वेगळ्या डब्यात, ॲम्प्लिफायरपासून हातभर लांब, आणि प्रसारणाच्या तासभर आधीपासून चालू. आता सरक ०.०२ च्या आत.

८ फेब्रुवारी

आज दिवसभर मित्रासोबत तुलना केली. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर आकाशलाट (वरच्या थरांवरून परतणारी लाट) गिळून टाकतो, त्यामुळे १८० किलोमीटरवर फक्त भूलाट (जमिनीलगत जाणारी लाट) पोचते आणि सिग्नल स्थिर राहतो. अटेन्युएटरने ३-३ डीबी कमी करत गेलो आणि कोणता मोड कुठे तुटतो ते लिहिलं. विस्पर तुटल्यानंतर ३०० आणखी दोन पायऱ्या टिकला, १८०० चार पायऱ्या. कागदावर विस्पर आणि १८०० मध्ये १३.४ डीबीचा फरक आहे, आम्हाला १२ च्या आसपास मिळाला. शेवटच्या चाचणीत ईआयआरपी सुमारे १ मिलिवॅट होती. मित्राच्या वॉटरफॉलवर काहीच दिसत नव्हतं, स्पीकरवर तर नाहीच, आणि अर्ध्या तासाने माझा कॉलसाइन पूर्ण छापून आला. आम्ही दोघं फोनवर थोडा वेळ काहीच बोललो नाही.

रात्री चित्र उलटं. १००० किलोमीटरच्या पुढच्या स्टेशनांकडे १८०० क्वचितच डीकोड होतो, सिग्नल पुरेसा असूनही. आकाशलाटेचा मार्ग अर्ध्या तासात हलत राहतो, फेज टिकत नाही. ३०० तिथे सर्वांत भरवशाचा. गेल्या दहा रात्रींत सर्वांत लांबचा डीकोड २१०० किलोमीटर, ३०० वर, पहाटे सूर्योदयाआधी. माझ्याकडे आता रात्री ३००, दिवसा १८००, आणि तासातून दोनदा विस्पर, कारण अजून सर्वांत जास्त कान विस्परलाच लावलेले आहेत.

२२ फेब्रुवारी

१३६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे याहून खालच्या हौशी पट्ट्याचा हिशेब मांडला. याच अँटेनाला ६.३ मिलिहेन्री लागतील, आताच्या बारापट. रेडिएशन रेझिस्टन्स ०.०२ ओहमवर येतो. पूर्ण १ वॅट ईआयआरपीला अँटेनावर २१ हजार व्होल्ट येतील, ते या दोऱ्यांना आणि इन्सुलेटरना झेपणार नाही. ५० मिलिवॅट ठरवले. तिथे मात्र १८०० चांगला चालतो, आणि टीसीएक्सओची चूकही तिथे साडेतीन पटीने कमी लागते.

४० सेंटिमीटर व्यासाचा सरळ ड्रम मिळाला आहे, निमुळता नाही. १२८ वेढे, १६१ मीटर तार. आज ६० वेढे झाले, दर दहाला ग्लूची पट्टी देत.